रान तुटलं, रस्ता उरला

[दृश्य: पावसाळी सकाळ. हिरव्या उतारावरून खाली येणारी तांबडी रेघ.]

पुण्याहून निघून पानशेतच्या पुढे आलं की डोंगर अगदी अंगावर येतात. जुलैचा पाऊस लागून राहिलाय. समोरची ती तांबडी रेघ म्हणजे एक रस्ता. मालकी रानातली झाडं तोडली, तेव्हा ओंडके ट्रकपर्यंत आणायला जेसीबीने काढलेला. तोड संपली, ठेकेदार गेला. तोडलेल्या खोडांना पुन्हा फुटवे आलेत. रस्त्यावर मात्र गवताची काडी नाही.

[दृश्य: हिरड्याखाली दोन हात, पाण्याची बाटली.]

आधी रस्त्यापासून दहा पावलं आत जाऊ. पाचोळा बाजूला केला की खाली काळी, भुसभुशीत माती. बोट सहज आत जातं. बाटलीभर पाणी ओतलं, बघता बघता जिरलं. मुळांच्या फटी, गांडुळांची आणि वाळवीची भोकं, याच त्याच्या वाटा. आता तेवढंच पाणी रस्त्यावरच्या चाकोरीत ओतू. क्षणभर थबकलं, आणि माती घेऊन उताराला लागलं. भरलेल्या ट्रकांनी ही जमीन इतकी दाबलीय की पाण्याला शिरायला जागाच नाही.

हिशेब करून बघा. 4 मीटर रुंद, 100 मीटर लांब रस्ता. त्यावर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 20 हजार लिटर पाणी. उन्हाळ्यात सोसायटीत येतात तसले 10 हजारांचे दोन टँकर. आणि घाटमाथ्यावर 50 मिलिमीटर म्हणजे काहीच नाही.

पण मला खरा घोर लावतो तो रस्त्याच्या वरच्या अंगाचा काप. डोंगरात मुरलेलं पाणी मातीच्या पोटातून, खडकाच्या अंगाने सावकाश उतरत असतं. पाऊस सरल्यावरही झरे वाहतात ते त्याच्या जिवावर. डोंगर उभा कापला की ती वाट मध्येच उघडी पडते. हे बघा, कापातून कसं पाझरतंय. ओढ्यापर्यंत झिरपत जाणारं पाणी आता चरात पडतं आणि काही मिनिटांत खाली पोचतं. पावसात लोंढा, आणि उन्हाळ्यासाठी डोंगराच्या पोटात काही उरत नाही.

[दृश्य: पाइपाची मोरी, तिच्याखाली घळ.]

अख्ख्या उताराचं पाणी या एका तोंडातून पडतं. खाली माणूस उभा मावेल एवढी घळ पडलीय.

बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या साबा राज्यातल्या डॅनम खोऱ्यात अभ्यासकांनी हे वर्षानुवर्षं मोजलंय. तिथे 1989 च्या सुमारास तोड झाली आणि ओढ्यातला गाळ एकदम वाढला. पुढे रान सावरलं, गाळ ओसरला. मग 1996 च्या जानेवारीत मोठा पाऊस झाला आणि जुन्या रस्त्यांलगतच्या दरडी कोसळून गाळ पुन्हा ओढ्यात आला. तोड थांबून तेव्हा सहा-सात वर्षं झाली होती!

उपाय अवघड नाहीत. रस्ता ओढ्यापासून लांब, शक्यतो डोंगराच्या सोंडेवरून न्यावा. पावसात ट्रक बंद ठेवावेत. काम संपलं की दाबलेली जमीन फोडावी आणि रस्त्यावर जागोजाग तिरके चर मारून पाणी थोडं थोडं रानात सोडावं. तोडीला आलेला जेसीबी परत जायच्या आधी हे काम सहज करू शकला असता.

[दृश्य: ओढा.]

मोरीच्या वर पाणी नितळ आहे, तळातले खडे मोजता येतात. मोरीतून येतंय ते चहाच्या रंगाचं. दोन्ही धारा थोडं अंतर शेजारी शेजारी वाहतात, मग मिसळतात. इथून पानशेतचा जलाशय, पुढे खडकवासला आणि तिथून पुण्याचे नळ.