वस्तूचा घाट

विद्यार्थी मित्रहो आणि पालकहो, माझी आजी बोहारणीकडून भांडं घेताना ते हातात फिरवून बघायची आणि म्हणायची, "घाट बरा आहे." घाट म्हणजे नुसता आकार नाही. भांडं हातात कसं बसतं, ओतताना धार कशी पडते, घासायला आत हात जातो का, हे सगळं तिच्या त्या एका शब्दात यायचं. प्रॉडक्ट डिझाइनच्या, म्हणजे वापरायच्या वस्तू घडवण्याच्या शिक्षणाच्या, चार वर्षांत काय शिकवता, असं कुणी विचारलं की मला हाच शब्द आठवतो.

1958 मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर जोडपं आपला देश हिंडलं. त्यांनी सरकारला जो अहवाल दिला, त्यात सगळ्यात जास्त जीव ओतून लिहिलं आहे ते आपल्या साध्या लोट्याबद्दल. तो कमरेवर कसा पेलतो, डोक्यावर कसा तोलतो, रिकामा आणि भरलेला असताना त्याचं वजन कसं बदलतं, मोडीत काय किंमत येते, असे प्रश्न त्यांनी त्या लोट्याला विचारले. त्या अहवालातून 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. पवईला आयआयटीत डिझाइनचं शिक्षण 1969 मध्ये सुरू झालं. पुण्यात हे विषय पुष्कळ नंतर आले, पण घाट घडवणारे हात इथे पेशव्यांच्या काळापासून आहेत.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत मी दरवर्षी पहिल्या वर्षाची मुलं घेऊन जाते. ठोक्यांच्या आवाजात तिथे बोलता येत नाही, आणि तेच बरं, मुलं बघत राहतात. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की कडक होतो, फार कडक झाला तर तडकतो. म्हणून तो भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करायचा. भांड्यावरचे ते एकसारखे ठोके, ज्याला माठारकाम म्हणतात, आपण नक्षी समजतो. पण त्या ठोक्यांनीच पातळ पत्र्याला ताठपणा येतो. पुढे प्लास्टिक शिकवताना मी वर्गात बादली ठेवते आणि विचारते, ही वर रुंद का? साच्यातून सुटून यायला उतार लागतो. काठ दुमडलेला का? तिथे ताकद हवी. तांबट आळी पाहिलेल्या मुलांना हे पटकन समजतं.

प्रवेशाचं थोडक्यात सांगते. डिझाइनच्या पदवीसाठी आयआयटी मुंबई घेते ती यूसीड ही प्रवेशपरीक्षा बारावीच्या कुठल्याही शाखेतून देता येते. तिच्यात चित्र काढावं लागतं, आणि तिथे पुष्कळ मुलं घाबरतात. सुबक चित्र येत नसेल तरी चालेल. झाकण कसं उघडतं हे समोरच्याला कागदावर समजावून देता येतं का, ते महत्त्वाचं.

आता एका विद्यार्थिनीचं काम सांगते, कारण मला ते फार मोलाचं वाटतं. सासवडजवळ कांद्याच्या शेतात बायका दिवसभर उकिडव्या बसून खुरपतात. हिने लांब दांड्याचं खुरपं केलं, वाकायलाच नको. रेखाटनं उत्तम, नमुना उत्तम. शेतातल्या मावशींनी ते दहा मिनिटं वापरलं आणि परत दिलं. "उभं राहून रोप कुठलं नि तण कुठलं दिसत नाही गं. आणि डाव्या हातानं गवत कोण उपटणार?"

ती पोर परतीच्या एसटीत रडली. पुढच्या आठवड्यात मात्र ती मोकळ्या हातांनी गेली आणि दिवसभर त्यांच्यासोबत खुरपत बसली. मनगट कुठे दुखतं, मूठ कुठे घसरते, ते तिला स्वतःच्या हाताला कळलं. नंतरचं खुरपं दिसायला जवळजवळ जुन्यासारखंच होतं. मूठ जराशी जाड, पात्याचा बाक किंचित बदललेला, आणि गावातल्या लोहाराला करता येईल असं. परीक्षकांना त्यात फारसं काही दिसलं नाही.

मावशींनी ते ठेवून घेतलं आणि म्हणाल्या, "जावेसाठी अजून एक आण."