रेक्याविकचा सहावा डाव

श्रोतेहो, नमस्कार. घरात बुद्धिबळाचा पट असेल तर पुढ्यात घ्या. आज एकच डाव बघू.

23 जुलै 1972, आइसलँडची राजधानी रेक्याविक. जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव. विश्वविजेता सोव्हिएत संघाचा बोरिस स्पास्की, आव्हानवीर अमेरिकेचा बॉबी फिशर. फिशर पहिला डाव हरला होता, दुसऱ्याला तर आलाच नव्हता. तरी पाच डावांनंतर दोघांचे गुण अडीच-अडीच.

पांढरी मोहरी फिशरकडे. पांढरी मिळाली की हा गडी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवणार, हे जवळजवळ ठरलेलं. त्या दिवशी त्याने वजिराच्या उंटापुढचं प्यादं उचललं! तिसऱ्या खेळीला डाव क्वीन्स गॅम्बिटमध्ये शिरला, म्हणजे वजिराच्या बाजूचं प्यादं मारायला देऊ करणाऱ्या सुरुवातीत, आणि स्पास्कीने त्यावरचं आपलं भरवशाचं उत्तर, टार्टाकोव्हर बचाव, मांडला. पहिल्या खेळीपेक्षा मला हेच मोठं धाडस वाटतं. स्वतःची वाट सोडून फिशर प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात खेळायला गेला.

आता पट बघा. मोहऱ्यांची मारामारी होऊन काळ्याची दोन प्यादी मध्यावर शेजारी-शेजारी उरली. आधाराला बाजूला तिसरं प्यादं नाही. फिशर त्यांच्यावर घाईने तुटून पडला नाही, नुसता दाब ठेवत गेला. विसाव्या खेळीला त्याने राजापुढचं प्यादं एक घर रेटलं, तेव्हा स्पास्कीने त्यातलं एक प्यादं पुढे ढकललं. तिथेच पांढऱ्या उंटाचा तिरका रस्ता मोकळा झाला. पुढे काळ्या मोहऱ्यांना धड हलताही येईना. स्पास्कीचा वजीर शेवटी दोनच घरांत येरझाऱ्या घालत होता. अडतिसाव्या खेळीला फिशरने घोड्यासाठी हत्ती दिला, एकेचाळिसाव्याला स्पास्कीने डाव सोडला.

सभागृहात टाळ्या सुरू झाल्या, आणि स्वतः स्पास्कीही टाळ्या वाजवू लागला. एवढ्या मोठ्या लढतीत हरलेल्या माणसाने असं करावं, याचं मला आजही भरून येतं.

थोडं मागे, चौदाव्या खेळीकडे या. फिशरने उंट बी-पाच घरात (पांढऱ्याच्या डावीकडून दुसऱ्या उभ्या ओळीतलं पाचवं घर) आणला, स्पास्कीने कडेचं प्यादं एक घर पुढे केलं. पुढच्या वर्षी हॉलंडमध्ये हिल्व्हरसमला पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या यान टिमनच्या डावात उंट तिथे आल्यावरची हीच स्थिती आली. समोर होता एफिम गेलर, रेक्याविकमधला स्पास्कीचा सहायक. त्याने कडेचं प्यादं न हलवता वजीर बी-सात घरात नेला आणि काळ्या मोहऱ्यांनी डाव जिंकला. तो वजीर तिथे ठेवा आणि पांढऱ्याचा उंट आता काय करेल ते शोधा.

नमस्कार.