पंचम स्थानाची परीक्षा

[दृश्य : कोरी कुंडली. पाचव्या घरावर कॅमेरा थांबतो.]

पत्रिकेतलं हे पाचवं घर. ज्योतिषी याला पंचम स्थान म्हणतात. संतती, विद्या, बुद्धी बघायची ती इथे. पोरगं शिकेल का, डोक्यानं कसं आहे, हे या घरावरून सांगणारे गावोगाव आहेत. विचारणारे त्याहून जास्त.

2008 मध्ये पुण्यात चार जणांनी हा दावा तपासायला घेतला. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे. घाटपांडे मूळचे ज्योतिषातलेच, पुढे त्याचे चिकित्सक झाले. घरातला भेदी म्हणा हवं तर.

[दृश्य : टेबलावर पत्रिकांचे गठ्ठे.]

कार्यकर्त्यांनी 200 मुलांची जन्मवेळ, जन्मस्थळ मिळवलं. 100 मुलं शाळेत चमकणारी, 100 बौद्धिक अक्षमता असलेली, विशेष शाळांत शिकणारी. पत्रिका मांडल्या आणि त्यांना सांकेतिक क्रमांक दिले. मग ज्योतिष्यांना जाहीर आवाहन केलं. 51 जण पुढे आले. प्रत्येकाला 40 पत्रिका पाठवल्या आणि प्रश्न एकच विचारला: हे मूल कुठल्या गटातलं?

उत्तरं आली 27 जणांची. बरोबर उत्तरांची सरासरी 40 पैकी 18.4, म्हणजे 46 टक्के. छापा-काटा केला असता तर 20 आली असती.

सगळ्यात जास्त गुण 24. ऐकायला बरे वाटतात. पण 27 माणसांना 40-40 वेळा नाणं उडवायला बसवलं, तर त्यांतल्या तिघा-चौघांना 24 किंवा त्याहून जास्त मिळतातच. एका ज्योतिष संस्थेनं तर सगळ्या 200 पत्रिका तपासल्या. 102 बरोबर.

[दृश्य : जुनं व्हिएन्ना, ट्रामचा रस्ता.]

आता जरा मागे जाऊ. साल 1919. खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून येताना किती वळतो, हे मोजलं गेलं. आइन्स्टाइनच्या सिद्धान्तानं तो आकडा आधीच सांगून ठेवला होता. वेगळा आला असता तर आइन्स्टाइन अडचणीत. व्हिएन्नातल्या कार्ल पॉपर नावाच्या सतरा वर्षांच्या पोराला, पुढे तत्त्वज्ञ म्हणून गाजलेल्या, या जोखमीचीच भुरळ पडली. जो सिद्धान्त आपण कशानं खोटे ठरू हे आधी सांगत नाही, तो विज्ञान नव्हे, असं त्यानं पुढे मांडलं. ज्योतिष हे त्याचं आवडतं उदाहरण. भाकीत इतकं मोघम ठेवायचं की ते चुकूच नये!

मला वाटतं, पुण्याच्या चाचणीची खरी करामत ही. मोघमपणाला जागाच ठेवली नाही. शनीची वक्रदृष्टी वगैरे राहू द्या, हो की नाही तेवढं सांगा.

ज्योतिषी मंडळी नाराज झाली, हे सांगायला नकोच. सरकारदरबारी चित्र निराळं होतं. 2001 मध्येच विद्यापीठ अनुदान आयोगानं ज्योतिष विद्यापीठांत शिकवायची योजना आणली होती. राज्यघटनेच्या 51-अ कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं, तरीही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2004 मध्ये न्यायालयानं शैक्षणिक निर्णयात हात घालायला नकार दिला.

[दृश्य : दुर्बीण, रात्रीचं आकाश.]

पण पॉपरची फूटपट्टी नारळीकरांनाच लावली तर? केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल स्थिर विश्वाचे पुरस्कर्ते. विश्वाला आरंभच नाही, असं त्यांचं म्हणणं. 1965 मध्ये सगळ्या आकाशातून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडल्याची बातमी आली. विश्वाच्या तप्त आरंभाची ती खूण मानली गेली आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे, म्हणजे विश्वाला आरंभ आहे म्हणणाऱ्या सिद्धान्ताकडे, वळले. नारळीकर वळले नाहीत. 1993 मध्ये हॉईल आणि खगोलशास्त्रज्ञ जेफ्री बर्बिज यांच्यासोबत त्यांनी त्याच कल्पनेची सुधारित आवृत्ती मांडली. अल्पमतात राहून ती अखेरपर्यंत लढवली.

हा हट्ट आणि ज्योतिष्यांचा हट्ट एकाच जातीचा का? काही टीकाकार म्हणतील, हो. मला तसं वाटत नाही. नारळीकरांनी आपली समीकरणं विरोधकांच्या हाती दिली होती, कुठली निरीक्षणं आपल्याला अडचणीत आणतील हे मांडून. चाचणीत भाग घेतलेल्या उरलेल्या 24 ज्योतिष्यांनी मात्र कागदच परत पाठवले नाहीत.