सोय मंजूर आहे, पण मिळणार कधी?

नमस्कार, श्रोतेहो.

दिव्यांग विद्यार्थ्याला परीक्षेत जादा वेळ द्यावा का, लेखनिक द्यावा का, यावर शिक्षकांच्या खोलीत आजही वाद रंगतात. वास्तविक हा वाद केव्हाच निकालात निघाला आहे. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर 2006 मध्ये दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. चोविसाव्या कलमात उच्च शिक्षणाचाही उल्लेख आहे. तेव्हा सोय द्यायची की नाही, यावर मी आज बोलणार नाही. ती कधी द्यायची, यावर बोलणार आहे. कारण विद्यापीठांत तोंडावर नाही म्हणणारे आता कमी झालेत. 'अर्ज ठेवून जा, बघू' म्हणणारे मात्र पुष्कळ आहेत, आणि सत्र असतं चार-पाच महिन्यांचं.

पुस्तकाचंच उदाहरण घेऊ. दृष्टिहीन विद्यार्थी संगणकावर किंवा फोनवर स्क्रीन रीडर वापरतात. पडद्यावरचा मजकूर तो बोलून दाखवतो. 'एनव्हीडीए' नावाचा असा एक स्क्रीन रीडर 2006 पासून फुकट मिळतो, आणि तो तयार करायला सुरुवात केली ती ऑस्ट्रेलियातल्या दृष्टिहीन तरुणांनीच. म्हणजे यंत्रणा महाग आहे, ही सबब चालत नाही. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. सर पुस्तकातल्या चाळीस पानांचे मोबाइलवर फोटो काढतात, त्यांची पीडीएफ करतात आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकतात. डोळस मुलांच्या दृष्टीने तो धडा असतो. स्क्रीन रीडरच्या लेखी ती चाळीस चित्रं असतात. मुलगी फाईल उघडते, तर तो एक तर काहीच बोलत नाही, नाही तर पानामागून पान नुसतं 'ग्राफिक, ग्राफिक' म्हणत राहतो.

मग त्या चित्रांतून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर चालवायचं. तेही बऱ्यापैकी काम करतं, पण दोन रकान्यांचं पान असलं की कधी कधी ते डावीकडची अर्धी ओळ आणि उजवीकडची अर्धी ओळ जोडून वाचतं. तळटीप वाक्याच्या मधोमध घुसते. तक्त्यातले आकडे एकापाठोपाठ एक येतात, कुठला आकडा कुठल्या सालचा हे कळायला मार्ग नसतो. समीकरणांचा तर चुराडाच होतो. हे सगळं माणसाने बसून दुरुस्त करावं लागतं. आकृत्यांचं वर्णन लिहावं लागतं. जाडजूड पाठ्यपुस्तक असेल तर या कामात आठवडेच्या आठवडे जातात.

इथे कॉपीराइट आडवा येतो, असं अजूनही काही ग्रंथालयांत ऐकायला मिळतं. 2013 मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश इथे नेमका याच अडचणीवर आंतरराष्ट्रीय करार झाला. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी त्यांना वाचता येईल अशी प्रत हक्कधारकाची परवानगी न घेता करता यावी, अशी तरतूद देशांनी आपापल्या कायद्यात करायची, असं त्यात ठरलं. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, 2014 मध्ये. कराराचा अंमल 2016 पासून सुरू आहे. मग घोडं अडतं कुठे? बहुतेक वेळा एका साध्या कागदावर, तो म्हणजे वाचनयादी. प्राध्यापकांनी ती सत्र सुरू व्हायच्या महिनाभर आधी दिली, तर पहिल्या तासाला पुस्तक हातात असतं. सत्र सुरू झाल्यावर दिली, तर वर्ग चौथ्या प्रकरणावर असताना हिच्या हातात पहिलं पडतं. फाईलवर शेरा असतो : 'सोय पुरवली.' मला विचाराल तर ही सोय नव्हे.

कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या बाबतीत हा उशीर आठवड्यांचा नसतो, सेकंदांचा असतो. वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी उभा आहे. बाई फळ्याकडे तोंड करून बोलताहेत आणि फळ्यावरच्या आकृतीकडे बोट दाखवून म्हणताहेत, 'हा जो भाग आहे ना, तो आता इकडे सरकतो.' विद्यार्थ्याने बघायचं कुठे? दुभाष्याच्या हातांकडे पाहिलं तर आकृती सुटते, आकृतीकडे पाहिलं तर वाक्य सुटतं. आणि वहीकडे पाहिलं तर दोन्ही! म्हणून नोट्स काढायला दुसरं कुणी असणं ही चैन नव्हे. शिक्षकांनी आकृती दाखवून चार क्षण गप्प राहावं, मग बोलावं. याला पैसा लागत नाही, समितीची बैठकही लागत नाही. जी तांत्रिक संज्ञा दुभाष्यालाच नवी असते, तिचं तो वर्गात ऐन वेळी काय करणार? आदल्या दिवशी शब्दांची यादी आणि स्लाइड्स पाठवल्या तर तास सुरळीत जातो. ध्वनिचित्रफितीवर आपोआप येणारी कॅप्शन्स असतात ना, असं कुणी म्हणतं. ती उपयोगी आहेतच, पण पारिभाषिक शब्द आला की नेमकी तिथेच घसरतात. परीक्षेत विचारतात तो शब्दही नेमका तोच असतो.

आता परीक्षा. जादा वेळ म्हणजे फायदा, असं वाटणाऱ्यांनी एकदा लेखनिक घेऊन पेपर देऊन बघावा. अगदी साधं बीजगणित घ्या. दृष्टिहीन विद्यार्थी सांगतो, 'अपूर्णांक. वर, कंस सुरू, एक्स अधिक दोन, कंस पूर्ण, त्याचा वर्ग. खाली, एक्स वजा तीन.' लेखनिक लिहितो. विद्यार्थी म्हणतो, वाचून दाखव. तो वाचतो, 'एक्स अधिक दोनचा वर्ग.' आता वर्ग फक्त दोनचा लिहिलाय की सगळ्या कंसाचा? पुन्हा विचारायचं. तेवढ्यात पुढची पायरी डोक्यातून निसटते. आधीची तीन समीकरणं डोळ्यांनी पटकन चाळता येत नाहीत, ती पुन्हा वाचून घ्यावी लागतात. भारतातल्या नियमांनुसार तासाला किमान वीस मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो. तो तास अशा देवाणघेवाणीतच खर्च होतो. त्यात लेखनिकाची आणि विद्यार्थ्याची भेट परीक्षेच्या दारातच झाली, तर पहिला अर्धा तास एकमेकांचे उच्चार कळण्यातच जातो. दोन दिवस आधी दोघांना तासभर सराव करू दिला की यातला बराच घोळ टळतो. गणिताच्या पेपरला गणिताच्या खुणा ओळखणारा लेखनिक लागतो, हेही सांगावं लागतं म्हणजे कमाल आहे.

दर्जा घसरेल, ही भीती प्रामाणिक असते. ती मी उडवून लावणार नाही. पण तिच्यावर उपाय आहे. ही परीक्षा नेमकं काय तपासते, हे आधी कागदावर लिहून काढायचं. रसायनशास्त्राच्या प्रयोगात विद्यार्थ्याला प्रक्रिया समजते का, निरीक्षणावरून निष्कर्ष काढता येतो का, हे बघायचं असेल, तर हातांत ताकद नसलेल्या विद्यार्थिनीने सूचना द्याव्यात आणि सहायकाने त्याप्रमाणे द्रावण ओतावं. काहीच बिघडत नाही. परीक्षा शुश्रूषेच्या अभ्यासक्रमातली असेल आणि सुई टोचता येते का हेच बघायचं असेल, तर ते कौशल्य वगळता येणार नाही. तशी मागणी वाजवी ठरत नाही, आणि कायदाही तसा आग्रह धरत नाही. विद्यापीठावर अवाजवी बोजा पडत असेल तर तेही कारण ग्राह्य आहे. मात्र तो बोजा हिशेबाने दाखवता यायला हवा, नुसतं 'परवडत नाही' म्हणून भागत नाही.

हा फरक न केल्याने काय होतं, याचं एक फार दुःखद प्रकरण इंग्लंडमधलं आहे. ब्रिस्टल विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला लोकांसमोर बोलण्याची तीव्र भीती होती, आणि हे विभागाला ठाऊक होतं. प्रयोगांचं मूल्यमापन मात्र तोंडी मुलाखतींवर आणि सर्वांसमोरच्या सादरीकरणावर होत राहिलं. 2018 मध्ये, त्या सादरीकरणाच्या दिवशीच, तिचा मृत्यू झाला. पालक न्यायालयात गेले. तोंडी परीक्षा ही तपासण्याची एक पद्धत आहे, ती म्हणजे भौतिकशास्त्राची पात्रता नव्हे, त्यामुळे पद्धत बदलायला हवी होती, असा निकाल 2022 मध्ये लागला. 2024 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो कायम केला. तिला वेगळ्या सोयीची गरज आहे, यावर विभागात चर्चा झाली नव्हती असं नाही. चर्चा झाली होती, बदल झाला नव्हता.

तिचं दिव्यांगत्व बघून कळण्यासारखं नव्हतं, हेही लक्षात घ्या. डिस्लेक्सिया, अपस्मार, नैराश्य, कधी बरं तर कधी अंथरुणाला खिळवणारे आजार, या सगळ्यांत विद्यार्थ्याला प्रत्येक नव्या शिक्षकापुढे आपली कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. ती सांगणं हेच एक वेगळं काम होऊन बसतं, आणि लाजेखातर कितीतरी मुलं ते टाळतात. कागदपत्रं एकदाच, एकाच कक्षाने बघावीत. शिक्षकांना आजाराचं निदान कळवायची गरजच नाही. 'या विद्यार्थ्याला सबमिशनसाठी आठवडाभर मुदतवाढ द्यावी', एवढी चिठ्ठी पुरे. दिव्यांगत्वाच्या टक्केवारीचा आग्रहही सैल व्हायला हवा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये, हाताला पेटके येत असल्याने लिहू न शकणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिकासाठी चाळीस टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही, असं सांगितलं. प्रश्न टक्क्यांचा नसून लिहिता येतं की नाही, याचा आहे.

तुमच्यापैकी कुणी विद्यार्थी ऐकत असाल, तर मागणी लेखी करा आणि प्रवेश निश्चित होताच करा, परीक्षेचा फॉर्म भरायची वाट बघू नका. 'मदत हवी' असं मोघम लिहू नका. 'फोटोऐवजी मजकुराची फाईल, तासाच्या दोन दिवस आधी' असं लिहा. अर्जावर पोहोच घ्या आणि उत्तर कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, ते त्याच वेळी विचारा. नकार आला, किंवा नुसतंच ताटकळत ठेवलं, तर कारण लेखी मागा. माझा अनुभव असा की सही करून कारण लिहून द्यायची वेळ आली की महिनाभर अडलेला अर्ज बहुधा त्याच आठवड्यात मार्गी लागतो.

नमस्कार.