पोरसवदा कोंबडे आणि तलंगा

नमस्कार श्रोतेहो. हौसेनं पाळलेली पिल्लं तीन-चार महिन्यांची झाली की एक तक्रार हमखास ऐकू येते. कालपर्यंत एका भांड्यात खाणारी भावंडं, आणि आज कोंबडा तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण माद्यांच्या, मागे धावतोय, मानेची पिसं धरून ओढतोय, त्या किंचाळत कोपऱ्यात शिरतायत. हा माजला की काय?

माजला नाही, तिच्याआधी वयात आला, एवढंच. कोंबड्याला चौथ्या महिन्याच्या आसपास ऊर्मी येते. तलंग अंड्यावर यायला पाच महिने, कधी त्याहून जास्त लागतात. मधल्या काळात त्याला हवं असतं आणि तिला नको असतं. सगळा गोंधळ तिथे आहे.

तिची तयारी कशी ओळखायची? तुरा लालभडक होतो. पाठीवर हात ठेवायला गेलात, तर ती पळत नाही. पंख थोडे फाकवून जमिनीशी दबून बसते. कळपात कोंबडा नसला तरी माणसाच्या हाताखाली अशीच बसते. हे दिसलं की अंडं फार लांब नाही.

अनुभवी कोंबड्याची रीत वेगळी. एक पंख जमिनीपर्यंत सोडून तो तिच्याभोवती तिरका तिरका फिरतो. दाणा सापडला की स्वतः न गिळता उचलून खाली टाकतो, पुन्हा उचलतो, आणि घशातून बारीक आवाज काढत तिला बोलावतो. पोरसवदा कोंबड्याला एवढा धीर कुठला! तो थेट झडप घालतो. कळपात मोठ्या कोंबड्या असल्या तर त्या चोचीनं त्याला वठणीवर आणतात. माझ्या मते त्याहून चांगला मास्तर नाही. शिवाय शेवटचा शब्द मादीचाच असतो. नकोशा कोंबड्यानं जबरदस्ती केली, तर त्याचं बीज ती नंतर शरीराबाहेर टाकू शकते. मोकाट कोंबड्यांवरचं हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झालं.

आता मानपानाचं बघू. कोण कोणाला टोचतं, यावर कळपाची उतरंड ठरते, हे नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ श्येल्डरुप-एबे यांनी १९२२ साली मांडलं. दोन-तीन आठवड्यांची पिल्लं छाती पुढे काढून एकमेकांवर उड्या मारतात, ती याचीच सुरुवात. नर-माद्यांच्या उतरंडी वेगळ्या असतात. एकदा क्रम लागला की चोच मारावी लागत नाही, नुसतं मान उंचावून बघितलं तरी समोरची बाजूला होते. कोंबडा नसलेल्या कळपात एखादी तलंग दुसरीच्या पाठीवर चढते, त्यानंही घाबरू नका. नरांत कोण वरचढ, ते पहाटे ऐका: पहिली बांग त्याची. बाकीचे आपल्या पायरीनं मागून आरवतात. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ मध्ये हे दाखवून दिलं.

रक्त दिसलं तर मात्र थांबू नका. लाल रंगावर बाकीच्या तुटून पडतात, म्हणून जखमी कोंबडी लगेच वेगळी करा. पाठीची पिसं झडून कातडी दिसायला लागली तर कोंबडे जास्त झालेत. एका कोंबड्यामागे आठ-दहा माद्या असाव्यात. दाणापाणी दोन-तीन जागी ठेवा, म्हणजे खालच्या पायरीवरची उपाशी राहणार नाही. आणि तलंगा अंड्यावर येईपर्यंत कोंबड्यांना जाळीपलीकडे ठेवा, एकमेकांना दिसतील असे. परत एकत्र करायचे ते सकाळी, मोकळ्या जागेत, आणि पहिला तासभर तिथून हलू नका.