खोक्यावरचा ठेका आणि सुसाना बाकांचा आवाज

[लाकडी खोक्यावर बसून. दहा सेकंद नुसता ठेका.]

हे जे मी बडवतेय ना, याला काहोन म्हणतात. पुण्या-मुंबईच्या कॅफेत गिटारवाल्याच्या शेजारी कुणीतरी यावर बसून वाजवताना तुम्ही पाहिलं असेल. बऱ्याच जणांना वाटतं, हे स्पेनचं वाद्य. तर नाही. स्पेनच्या फ्लामेन्कोत ते शिरलं 1970 च्या दशकात, पाको दे लुसिया हा गिटारवादक पेरूहून ते घेऊन गेला तेव्हा. मूळचं ते पेरूचं, आणि पेरूतही तिथल्या काळ्या लोकांचं. मळ्यांवर आणि बंदरांत राबणाऱ्या आफ्रिकन गुलामांनी मालाची खोकी उलटी केली आणि त्यांचंच वाद्य केलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. स्पॅनिशमध्ये काहोन म्हणजे खोकंच!

आज बोलायचंय ते या खोक्याच्या साथीने गाणाऱ्या एका बाईंबद्दल. सुसाना बाका. जन्म 1944, लिमा. वाढल्या चोर्रियोसमध्ये, म्हणजे लिमाच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वस्तीत. वडील गिटार वाजवायचे. आई दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची आणि नाचायचीही झकास. आईचा स्वयंपाक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थोडी मागची गोष्ट. पेरूत गुलामगिरी संपली 1854 मध्ये. त्यानंतरची शंभर वर्षं या लोकांची गाणी घराघरांत, सणासमारंभात राहिली, पण मंचावर त्यांना कुणी विचारत नव्हतं. 1950 च्या दशकात निकोमेदेस आणि व्हिक्टोरिया सांता क्रूझ या भावंडांनी ती नाटकात, रेकॉर्डवर आणली. कितीतरी गाण्यांच्या दोनच ओळी उरल्या होत्या, नाच तर विसरलेच गेले होते. जे हरवलं होतं ते या लोकांनी आठवणीतून आणि अंदाजाने पुन्हा उभं केलं. मला यात काही गैर वाटत नाही. परंपरा अशीही जगते.

बाका याच्या पुढच्या पिढीच्या. त्यांना आधार मिळाला चाबुका ग्रांदा या त्या काळच्या मोठ्या संगीतकार बाईंचा. बाका त्यांच्या मदतनीस होत्या. रेकॉर्ड निघायची बोलणी चालू होती, आणि 1983 मध्ये ग्रांदा गेल्या. झालं, सगळं राहिलं तिथेच.

पुढची कितीतरी वर्षं बाकांनी काय केलं? पतीबरोबर, रिकार्दो पेरेइरांबरोबर, पेरूच्या किनाऱ्यावरच्या गावांमधून फिरल्या. म्हाताऱ्या माणसांसमोर बसायचं, गाणी उतरवून घ्यायची. 1992 मध्ये चोर्रियोसमध्ये त्यांनी 'नेग्रोकोंतिनुओ' ही संस्था काढली. जगाच्या बाजारात तोवर त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

मग एक व्हिडिओ अमेरिकेत पोचला. डेव्हिड बर्न, 'टॉकिंग हेड्स' बँडचा गायक, स्पॅनिश शिकत होता. शिकताना त्याच्यासमोर बाकांच्या गाण्याचा हा व्हिडिओ आला आणि तो अडकलाच. 1995 मध्ये त्याच्या 'लुआका बॉप' कंपनीने काळ्या पेरूच्या संगीताचा एक संग्रह काढला. पहिलंच गाणं ते: 'मारिया लांदो'. बाका तेव्हा पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या.

[संथ ठेका. बोलताना चालू ठेवायचा.]

लांदो म्हणजे हा ठेका. ऐका. सम नक्की कुठे आहे, सापडतेय का? मला पहिल्यांदा नाही सापडली. तीन-तीनचं आणि दोन-दोनचं वजन एकमेकांत गुंतलेलं असतं, आणि बाका त्याच्या जरा मागे राहून गातात. घाई नाहीच. शब्द कवी सेसार काल्वोचे, चाल ग्रांदांची. शहरावर पहाट होते, दुपार होते, रात्र होते. मारियाला मात्र मान वर करून बघायलाही सवड नाही. तिला फक्त काम, आणि ते कामही दुसऱ्याचं. आता ती चोर्रियोसची, दुसऱ्यांच्या चुलीपुढची आई आठवा. गाण्यात रडणं कुठेच नाही. आवाज चढत जातो, बस्स.

पुढचं पटापट सांगते. 2001 च्या 11 सप्टेंबरच्याच आठवड्यात त्या न्यूयॉर्कमध्ये 'एस्पिरितु व्हिव्हो' रेकॉर्ड करत होत्या. 2002 मध्ये 'लामेंतो नेग्रो' या अल्बमला लॅटिन ग्रॅमी. मंचावर त्या अनवाणी येतात.

2011 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओयांता उमाला यांनी त्यांना थेट सांस्कृतिक मंत्री केलं. पेरूच्या मंत्रिमंडळात आलेल्या काळ्या समाजातल्या त्या दुसऱ्याच. खुर्ची टिकली साडेचार महिने. डिसेंबरात मंत्रिमंडळ बदललं आणि त्या गाण्याकडे परतल्या. काहींनी याला अपयश म्हटलं. माझं मत वेगळं आहे. गाणी गोळा करत गावोगाव फिरलेल्या बाईला संस्कृती खातं कळत नाही, असं म्हणायचं असेल तर मग कळतं कुणाला?

आणि शेवटी 2020. लॉकडाऊन. बाका 76 वर्षांच्या, लिमाच्या दक्षिणेला कान्येतेच्या बाजूला राहत होत्या. घरातच त्यांनी 'आ कापेला', म्हणजे साथीशिवाय नुसता गळा, नावाचा अल्बम केला, आणि त्यालाही लॅटिन ग्रॅमी मिळालं.

तर आधी 'मारिया लांदो' ऐका, हेडफोन लावून. मग हा. यात गिटार नाही, साथीदार नाहीत.

[खोक्यावरून उठत, ते कॅमेऱ्याबाहेर सरकवत.]

हे खोकंही नाही. ठेका तरी ऐकू येतो.