पंक्चर काढून आणलेलं चाक आणि पहिला तास

(बागेची कड. छोटा ट्रॅक्टर उभा, इंजिन बंद. कॅमेरा पुढच्या डाव्या चाकासमोर.)

रामराम मंडळी. आज बागेत फवारणी नाही, छाटणी नाही. आज नुसतं हे चाक बघायचंय.

जवळ ये रे, कॅमेरा अजून खाली घे. हां. हा नट दिसतोय? याच्या बुडातून खाली एक तांबूस ओघळ आलाय, पान खाऊन भिंतीवर कुणी पिंक टाकावी तसा. शेजारच्या नटाला असला ओघळ नाही. हा गंज वरून आलेला नाही, पावसाचाही नाही. नट आणि डिस्क, म्हणजे चाकाची मधली लोखंडी तबकडी, एकमेकांवर घासतायत, त्याची ती भुकटी. म्हणजे हा नट हलतोय. हातानं हलवून बघा, हलत नाही. पान्यानं बघा, घट्टच वाटेल. पण काम करताना हलतोय.

हे मला कळायला एक चाक जवळजवळ घालवावं लागलं. ते आधी सांगतो.

आमची बाग सांगोल्याच्या बाजूला. डाळिंब म्हटलं की काटे आले. छाटणी झाली की फांद्या उचलल्या तरी काटे मातीत राहतातच, आणि पुढचं टायर महिन्या-दोन महिन्यांनी बसतं. मग काय, चाक खोलायचं, मोटारसायकलवर मागं बांधायचं, पंक्चर काढून आणायचं, परत बसवायचं. वर्षात पाच-सहा वेळा चाक खोललं जातं. शहरातल्या कारचं चाक एवढ्या वेळा सात वर्षांत खोलत नसतील.

त्या दिवशी मी ट्रॅक्टरच घेऊन गेलो होतो. पंक्चरवाल्यानं हवेच्या गननं ढर्रर्र करून नट आवळले, वर पाना लावून एक लाथ मारली आणि म्हणाला, "मालक, आता हे चाक सुटलं तर माझं नाव बदला." मीही खूश. तिथून थेट बागेत, मागं फवारणीचा ब्लोअर, टाकीत सहाशे लिटर पाणी. दुसऱ्या दिवशी दुपारी बांधाला वळताना पुढून आवाज यायला लागला. टक... टक... टक. सरळ चाललं की बंद, वळलं की सुरू. मला वाटलं पुढच्या अॅक्सलमधला गिअर गेला. आप्पा बांधावर बसले होते, त्यांनी लांबूनच ओरडून विचारलं, "आरं, चाक का डुलाय लागलंय?"

उतरून बघतो तर सहातले दोन नट जागेवर नाहीत, दोन बोटानं फिरतायत. डिस्कची भोकं गोल राहिली नव्हती, अंड्यासारखी लांबट झाली होती. डिस्क बदलावी लागली, चार स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो ते बोल्ट, बदलावे लागले. दोष पंक्चरवाल्याचा नव्हता, हे मला नंतर समजलं. त्यानं आवळलं होतं. आवळून सोडून दिलं ते मी.

आता हे असं का होतं? बसा जरा, हा भाग नीट ऐका.

आपल्याला वाटतं की बोल्ट हा खिळ्यासारखा आहे, चाक त्याच्यावर लटकलेलं असतं. तसं नाही. बोल्ट ही ताणलेली स्प्रिंग आहे. नट आवळला की बोल्ट आतून ताणला जातो आणि डिस्कला हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या अॅक्सलच्या तोंडावर, दाबून धरतो. चाकाचा भार पेलतो तो या दाबामुळं होणारा घर्षणाचा जोर. 14 एमएमचा, 8.8 ग्रेडचा एक बोल्ट साधारण 130 न्यूटन मीटरला (हे फिरवण्याच्या जोराचं माप) आवळला, तर साडेचार टनांच्या आसपास दाब देतो. एकटा. असे सहा. डिस्क हलायचा प्रश्नच नाही.

पण तो बोल्ट ताणला किती जातो? गंमत इथंच आहे. चाकाचा बोल्ट आखूड. ताणात येणारा भाग वीसेक एमएमचा धरा. तो ताणून लांब होतो एका एमएमचा जेमतेम तिसावा भाग. डोक्याच्या केसाएवढाही नाही. सगळी पकड त्या एवढ्याशा ताणावर.

आता दसऱ्याच्या आधी आपण काय करतो? ट्रॅक्टर धुतो, रिमला ब्रशनं चंदेरी रंग मारतो, नटासकट. खंडेनवमीला पूजा. छान दिसतो. पण नट जिथं बसतो तिथं, आणि डिस्क हबला जिथं टेकते तिथं, रंगाचा थर बसला. त्या थराची जाडी बोल्टच्या ताणाएवढी, कधी त्याहून जास्त. वरून आवळलं की पाना घट्ट लागतो. तासभर काम केलं, दाब आणि हादऱ्यानं रंग चेपला, की ताण गेला. नट जागचा फिरलेला नाही, तरी बोल्ट सैल. रंगाच्या जागी माती असेल, गंजाचा पापुद्रा असेल, तरी तेच. आमच्याकडची काळी माती तर ओली असताना लोण्यासारखी लागते, वाळली की खडा. चाक घाईत बसवताना हबवर बोटभर चिखल राहिला असेल तर काय होत असेल, बघा.

ताण गेला की डिस्क केसभर सरकायला लागते. मग नट फिरायला लागतो. एक सुटला की त्याचा भार शेजारच्या दोघांवर. "एक गेला तर काय झालं, पाच आहेत की" असं म्हणणारे आमच्या गावात निम्मे आहेत. त्या पाचांचे दिवस भरलेले असतात.

मग यावर आपला उपाय काय? लांब पाइप. पान्याला मीटरभर पाइप लावायचा आणि गड्याला म्हणायचं, उभा राहा त्याच्यावर.

हिशोब करू या. दीड फुटाचा पाना, टोकाला तीस किलोचा जोर लावला, की 130 न्यूटन मीटर झालं. एवढंच हवं होतं. आता मीटरभर पाइप आणि वर सत्तर किलोचा माणूस. 680 च्या पुढं गेलं. पाचपट! एवढ्या जोरात 14 एमएमचा बोल्ट तिथंच तुटू शकतो. जोर थोडा कमी पडला आणि बोल्ट तुटला नाही, तर ते जास्त वाईट. तो आतून कायमचा लांब होतो, त्याची स्प्रिंग मरते, आणि पुढं कधीतरी भर रस्त्यात मुंडकं उडतं.

तेल-ग्रीसचंही सांगतो. "आटे गंजू नयेत म्हणून ऑइल लावलं." पान्यावर जो जोर लागतो त्यातला सुमारे नव्वद टक्के घर्षणातच जातो, दहाएक टक्केच बोल्ट ताणायला उरतो. तेल लावलं की घर्षण कमी, आणि त्याच जोरात बोल्ट भलताच ताणला जातो. कंपनीच्या पुस्तकात तेल लावा म्हटलं असेल तरच लावा. नाहीतर तारेच्या ब्रशनं आटे साफ करायचे, फडक्यानं पुसायचे, कोरडे ठेवायचे.

हे बघा, बोल्टचं डोकं. पुसतो. दिसलं? 8.8 लिहिलंय. काहींवर 10.9 असतं. पहिला आकडा गुणिले शंभर, एवढे न्यूटन दर चौरस एमएमला झाले की बोल्ट तुटतो. पुढचा पॉइंट आठ म्हणजे त्याच्या ऐंशी टक्क्यांवर तो कायमचा लांब होतो. त्यामुळं हरवलेल्या बोल्टच्या जागी भंगाराच्या डब्यातला, डोक्यावर काही न लिहिलेला बोल्ट मारू नका. आटेही बघा. 14 एमएममध्येच जाड आटा वेगळा, बारीक आटा वेगळा. चुकीचा नट दोन-तीन आटे जातो आणि अडकतो. आपण समजतो, बसला घट्ट! नट पहिले पाच-सहा आटे नुसत्या बोटांनी गेलाच पाहिजे. नाही गेला तर थांबा. आणि निमुळत्या तोंडाच्या नटाच्या जागी सपाट नट आणि खाली दोन वायसर, हा उद्योगही नको. नटाचं तोंड आणि डिस्कची खोबण यांची जोडी ठरलेली असते.

चला, हेच चाक खोलून परत बसवू.

ट्रॅक्टर सपाट जागेवर. अवजार खाली टेकवलेलं, पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा दांडा) बंद, हँडब्रेक ओढलेला, चावी खिशात. खिशात, गाडीला नाही. मागच्या चाकांना पुढून आणि मागून दगड. जॅकखाली फळी, नाहीतर या मातीत जॅक खाली जातो आणि ट्रॅक्टर वरच राहतो, थोडा वेळ. अजून एक: पुढचा अॅक्सल मध्यावर खिळलेला असतो, झोपाळ्यासारखा. एका बाजूनं उचललात तर वरचं धूड दुसऱ्या बाजूला कलतं. म्हणून अॅक्सल आणि बॉडीच्या मधे दोन्हीकडं लाकडाच्या पाचरी ठोका. आणि जॅकवर उभ्या गाडीखाली हात-पाय घालायचा नाही. खाली ठोकळा लावा.

हबचं तोंड साफ. डिस्कचं तोंड साफ. रंग असेल तर नट बसतो तेवढ्या जागेवरचा खरवडून काढा. नट बोटानं लावा. मग पान्याने, पण ओळीनं नाही: एक वरचा, मग त्याच्या समोरचा खालचा, मग बाजूचा, मग त्याच्या समोरचा. ओळीनं आवळलं तर डिस्क एका अंगानं बसते आणि दुसऱ्या अंगाला फट राहते. अर्धं आवळून झालं की गाडी खाली घ्या, आणि चाक जमिनीवर असताना त्याच क्रमानं पूर्ण आवळा. टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोराला वाजणारा पाना, असेल तर सोन्याहून पिवळं. कट्ट आवाज आला की थांबायचं. चार शेतकऱ्यांत एक घेतला तरी चालतो, तो रोज थोडाच लागतो? आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातलाच घ्या. मी मघाशी सांगितलेला 130 हा समजावण्यासाठी होता.

मागच्या चाकाचं थोडं वेगळं आहे. तिथं बऱ्याच गाड्यांना बोल्टांची दोन कडी असतात. आतलं कडं डिस्कला हबवर धरतं, बाहेरचं कडं रिमला डिस्कवर. लोक आतलं तपासतात, बाहेरचं कुणी बघत नाही. आणि आमच्याकडं चाकांचं अंतर सारखं बदलतं. डाळिंबाची लागण 4.5 बाय 3 मीटरवर, म्हणजे दोन ओळींत पंधरा फूट. पण झाडं पसरली की मधली वाट सहा-सात फुटांची राहते. द्राक्षाची बाग असेल तर ओळ नऊ-दहा फुटांवर. मग रब्बीत हाच ट्रॅक्टर ज्वारीत घालायचा. दरवेळी डिस्क उलटी कर, रिम उलटी कर. उलटी करा, पण टायरवरचा बाण पुढच्या दिशेला राहिला पाहिजे, आणि दोन्ही कडी पहिल्यापासून आवळायची. टायरमध्ये पाणी भरलेलं असेल तर ते चाक एकट्यानं हाताळायचं नाही. माझ्या पायावर एकदा टेकलंय नुसतं, तेवढं पुरे झालं.

बाकी दोन-तीन गोष्टी चाकाच्या निमित्तानं रोज बघून घ्या. पुढचं चाक वरून-खालून धरून हलवा. नट घट्ट असूनही खुळखुळत असेल तर बेअरिंग किंवा किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ) बघा. टाय रॉडची, म्हणजे पुढची दोन्ही चाकं जोडून वळवणाऱ्या दांड्याची, कॉटर पिन आहे की तिथं तार वळवलीय, ते बघा. बागेतून डांबरीवर येताना दोन्ही ब्रेक पेडलं खिट्टीनं एकत्र करा. वेगात एकाच चाकाचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर उलटू शकतो, आणि मोहोळ-पंढरपूर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या समोरून येत असतात. मागं, ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी लोखंडी कमान असेल तर ती उभी असताना बेल्ट लावायचा. फांद्यांसाठी पाडली असेल तर बेल्ट नको, आणि बाहेर पडलात की ती परत उभी करा.

आता शेवटचं सामान. (खिशातून छोटी बाटली काढतो.) हसू नका. घरातली नेलपॉलिश आहे, विचारून आणलीय. आवळलेल्या नटावरून सरळ डिस्कवर एक रेघ ओढायची. नट, डिस्क, एकच रेघ. सहाही नटांवर. नट फिरला की रेघ तुटते. सकाळी चहा घेता घेता चारी चाकांवर नजर टाकली, झालं काम. फक्त एक ध्यानात ठेवा, रेघ नट फिरला तरच सांगते. मघाशी म्हटलं तसा रंग चेपून ताण गेला असेल, तर रेघ सरळच दिसणार. म्हणून पाना.

पाना कधी? चाक बसवल्यावर तासभर काम झालं की एकदा. दहा तासांनी एकदा. मग दर पन्नास तासांनी, ट्रॅक्टरचा तासांचा मीटर बघून. पुस्तकात याहून कमी अंतर दिलं असेल तर पुस्तकाचं ऐका.

आता मी तासभर रोटर मारून येतो.

(तासानंतर. तीच जागा. कपाळावर घाम, हातात टॉर्क पाना.)

झाला तास. रेघा बघा, सहाच्या सहा सरळ. आता पाना लावतो.

एक... कट्ट. समोरचा... कट्ट. हा... कट्ट. चौथा... कट्ट.

पाचवा. बघा बघा, फिरतोय. अजून. आत्ता कट्ट. पाव फेरा घेतला यानं! तासापूर्वी याच हातानं, याच पान्यानं आवळला होता. याच्याच खाली मघाशी तो तांबूस ओघळ होता. खोबण झिजलीय याची. डिस्क बदलावी लागणार, आजच बोलतो दुकानदाराशी.

सहावा... कट्ट.

पाचव्याची जुनी रेघ पुसून नवीन मारतो. बाटली धर रे जरा.